गुडघ्याला इस्त्री

४ मार्च

ही डायरी हाडांत घालायचे स्क्रू बनवणाऱ्या एका कंपनीनं फुकट दिली. वर धावणारा सांगाडा छापलाय, हसतोय पण. नवरा म्हणाला, "यात लिहीत जा, तेवढं तरी घरात कमी बोलशील." ठीक आहे. घेतला वसा.

आज ऑफिसात मला डोक्यावर घेऊन नाचायचंच काय ते बाकी होतं. माझी इस्त्री पास झाली.

हे काय प्रकरण आहे ते लिहून ठेवते, म्हातारपणी वाचायला. माणूस एक्स-रेच्या यंत्रापुढे पायरी चढतो आणि उतरतो, यंत्र त्याच्या गुडघ्याची हलती फिल्म काढतं. आमचं सॉफ्टवेअर त्या फिल्मच्या प्रत्येक चित्रात मांडीचं हाड आणि नडगीचं हाड हुडकतं, एक दुसऱ्यावरून किती सरकलं ते मोजतं आणि त्याची रेघ काढतं. चांगल्या गुडघ्याची रेघ शांत असते. पण मध्येच माणसाचा दुसरा पाय आडवा येतो, सॉफ्टवेअर गोंधळतं आणि भलत्याच हाडाची कड धरून बसतं. की रेघ टुणकन वर. डॉक्टर वैतागायचे, हा गुडघा आहे की बेडूक?

मी डोकं खाजवून खाजवून उपाय काढला. एका चित्रातून पुढच्या चित्रात जाताना हाड फारच सरकलेलं दिसलं, तर ती सॉफ्टवेअरची चूक समजायची. ते चित्र गाळायचं आणि अलीकडचं-पलीकडचं टोक सरळ जोडून टाकायचं. ऑफिसात सगळे त्याला इस्त्री म्हणतात. सुरकुती दिसली की फिरव. आमचे प्रमुख, ज्यांना आम्ही पाठीमागे 'होऊन जाईल' म्हणतो (आग लागली असं सांगितलं तरी ते तेच म्हणतील), त्यांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. हॉस्पिटलनं आता खरे पेशंट तपासायला आमचं सॉफ्टवेअर घेतलंय.

एवढ्या आनंदात घरी आले, तर आईंचा गुडघा 'निसटला' होता. आई म्हणजे माझ्या सासूबाई. पोस्टाच्या खिडकीवर जन्म काढला, तेव्हा काही झालं नाही. निवृत्त झाल्या आणि गुडघा निसटायला लागला. दुखत नाही म्हणे, सुजत नाही, नुसता निसटतो. तोही चढताना नाही, उतरतानाच. भाजीला जायची वेळ झाली की हमखास. पण तिसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे शब्दकोडं सोडवायला दिवसातून दोनदा जातात, तेव्हा बरा चालतो!

९ मार्च

सहल रद्द. कारण आईंचा गुडघा.

चार वर्षांनी दोघांनीच कुठेतरी जायचं ठरलं होतं. काल आई जिन्यात थबकल्या, कठड्याला धरून उभ्या राहिल्या, आणि माझा नवरा, मातृभक्त, लगेच म्हणाला की आईला एकटीला कसं ठेवायचं. मी बोलले. बरंच बोलले. इथे परत लिहीत नाही, शेजाऱ्यांनी ऐकलंय तेवढं पुरे.

घरच्या डॉक्टरांनी मागेच साधा एक्स-रे काढून सांगितलंय, वयाप्रमाणे थोडी झीज, बाकी काही नाही. पण साधा एक्स-रे स्थिर असतो, निसटणं त्यात दिसायचं नाही, असं आईंचं म्हणणं. मुद्दा बरोबर आहे, नाही म्हणत नाही. मी म्हटलं, "मग चला आमच्या यंत्रावर. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. काय ते एकदाचं ठरू दे."

मला वाटलं, आता बाई काढता पाय घेतील. तर त्या उजळल्याच. "तुझं यंत्र निसटताना बघू शकतं? अगं मग आधी का नाही सांगितलंस?" कधी जायचं, काय घालून यायचं, खाऊन यायचं की उपाशी, सतरा प्रश्न. नाटक वठवायचं तर असं.

१४ मार्च

हॉस्पिटलात मोजणी झाली. आई ठेवणीतले कपडे घालून आल्या होत्या. यंत्र चालवणाऱ्या बाईंना त्यांनी सांगून ठेवलं, "तिसऱ्या-चौथ्या वेळी निसटतो बरं का, लगेच बंद करू नका." मला कानकोंड्यासारखं झालं. माझ्या कामातल्या ओळखीच्या माणसांना माझी सासू सूचना देतेय.

चढा, उतरा, चढा, उतरा. एकदा उतरताना त्या एकदम कठड्यावर रेलल्या आणि ओरडल्या, "आत्ता! बघ, आत्ता निसटला! आला ना त्यात?" घरात शिरलेला चोर पकडल्यासारख्या. बाई म्हणाल्या, "हलू नका आजी."

रेघ आली. काय रेघ होती! एकसुद्धा सुरकुती नाही. हाडांच्या डॉक्टरांनी बघितली आणि म्हणाले, "या वयात असा गुडघा? मला द्या. काही झालेलं नाही, थोडा व्यायाम करा, मन रमवा." आई म्हणाल्या, "पण आत्ता निसटला ना. मी सांगितलं पण तेव्हा." डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. दोघांचंही म्हणणं एकच होतं.

परतताना आई सारखा गुडघा चाचपत होत्या.

१५ मार्च

आज नणंदबाई आल्या होत्या. जेवणं झाल्यावर मी आईंची रेघ घरच्या टीव्हीवर लावली. लावायचं काही कारण नव्हतं हे मला कळतंय, पण सहल गेली त्याचं काही नाही का? मी म्हटलं, "हा बघा आईंचा गुडघा. इतकं सरळ वागणारं या घरात दुसरं कुणी नाही." सगळे हसले. नणंद म्हणाली, "चल आई, आता नाटकं बंद हं." नवरा म्हणाला, "बरं झालं बाई, माझ्या डोक्याचा ताप गेला."

आई टीव्हीजवळ गेल्या, चष्मा लावून बघत राहिल्या. मग विचारलं, "हा माझाच का?"

"तुमचंच नाव आहे कोपऱ्यात."

"मग असेल," त्या म्हणाल्या आणि ताटं उचलून आत घेऊन गेल्या.

मला नाही म्हटलं तरी जरा कसंसंच झालं. पण खरं ते खरं. बोलणारीचं तोंड दिसतं, सोसणारीचं कुणाला दिसतं? मी इतके महिने सोसलंय.

२२ मार्च

आठवडा झाला, गुडघ्याचा ग नाही. सत्यासारखं औषध नाही! आई भाजी स्वतः आणतात. वेळ फार लावतात, पण आणतात. कुरकुर नाही, थबकणं नाही. नवरा म्हणतो, तू आधीच मोजायला हवं होतंस. मी म्हटलं, सुनेचं ऐकतं कोण?

तिसऱ्या मजल्यावर मात्र जायच्या बंद झाल्यात. विचारलं तर म्हणाल्या, "तिची बडबड सहन होत नाही आता." इतक्या वर्षांची मैत्री आणि शब्दकोड्यावरून भांडल्या असणार. काय बाई एकेकाचे स्वभाव.

३ एप्रिल

आज वीज गेली म्हणून ऑफिस लवकर सुटलं. आले तर आई जिन्यात मधल्या पायरीवर बसलेल्या, मांडीवर रिकामी पिशवी. मला बघून दचकल्या. "वारा घेत बसलेय गं." आमच्या जिन्यात वारा कधीपासून येतो देव जाणे.

मी हात दिला, उठल्या. कपडे मागून सगळे धुळीनं माखलेले. मी झटकले. म्हटलं, "आई, कुठेही काय बसता? केवढी स्वच्छता आवडायची तुम्हाला." त्या म्हणाल्या, "हो गं, लक्षात नाही राहिलं." मग भाजी मीच आणली.

आजकाल अशाच असतात. न्हाणीघरात स्टूल नेऊन ठेवलंय. उताराचा रस्ता सोडून लांबच्या रस्त्यानं जातात. आईंच्या डोक्यात काय चाललेलं असतं त्यांनाच ठाऊक.

११ एप्रिल

सकाळी मी डबा भरत होते. आई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, "जे झालंच नाही ते झाल्यासारखं वाटू शकतं का गं माणसाला? अगदी अंगात?"

मी घाईत होते. म्हटलं, "वाटतं ना. मनाचे खेळ असतात, आई."

"आणि ते कळत नाही आपल्याला?"

"कळलं असतं तर खेळ कसला?"

मान डोलावली त्यांनी. मग म्हणाल्या, "माझ्या आईला शेवटी शेवटी भास व्हायचे. बाहेर कुणी आलंय म्हणून दार उघडायची. आम्ही हसायचो." मी घड्याळ बघितलं. म्हटलं, संध्याकाळी बोलू. संध्याकाळी विसरले.

१९ एप्रिल

पुढच्या महिन्यात हाडांच्या डॉक्टरांची मोठी सभा आहे, आणि तिथे 'होऊन जाईल'ना माझी इस्त्री दाखवायचीय. पडद्यावर आधी इस्त्री न केलेली रेघ, शेजारी इस्त्री केलेली. बघा, कशी होती आणि कशी केली. मला म्हणाले, "एखादी छान केस निवडा." पेशंटची फिल्म दाखवायची तर परवानगीची भानगड. म्हटलं आईंचीच घेऊ, घरचाच गुडघा आहे. आईंना विचारलं. "घे की," म्हणाल्या. "माझं काय आहे त्यात."

२० एप्रिल

दार लावून लिहायला बसलेय.

इस्त्री काढून आईंची रेघ लावली. उड्या दिसल्या. दिसणारच होत्या, त्या दाखवायलाच तर काढली होती. पण त्या उड्या चढताना कुठेच नव्हत्या. उतरतानाच होत्या, आणि दर वेळी गुडघा तेवढाच वाकला की त्याच जागी. सॉफ्टवेअर चुकतं तेव्हा कुठेही चुकतं. चूक इतकी वक्तशीर नसते.

मग मी मूळ फिल्म उघडली. नुसती, रेघ नाही, मोजमाप नाही. आतापर्यंत कधी बघितलीच नव्हती. रेघ इतकी सुरेख होती की फिल्म कशाला बघायची?

दुसरा पाय आडवा आलेला नाही. कडा स्वच्छ दिसतायत. आई पायरी उतरतात, गुडघा वाकतो, आणि मांडीचं हाड नडगीवरून पुढे घसरतं. सटकन. परत जागेवर येतं. पुढच्या खेपेला परत. फिल्मला आवाज नसतो. पण एका ठिकाणी हाडाच्या कडेनं त्यांचा हात कठड्याकडे जाताना दिसतो, आणि मला ते शब्द ऐकू आले. आत्ता. बघ, आत्ता निसटला.

तेवढीच चित्रं मी गाळली. खरं तेवढंच गाळलं.

२१ एप्रिल

बाकीच्या पेशंटच्या फिल्मही काढून बघितल्या. बहुतेकांच्या उड्या खरोखरच सॉफ्टवेअरच्या चुका. पण काहींच्या नाहीत. 'काही झालेलं नाही' असं सांगून ज्यांना घरी पाठवलं त्यांच्यातलेच ते. त्यांच्याही घरी टीव्ही असेल.

'होऊन जाईल'च्या खोलीत गेले, दार लावलं, सांगितलं. त्यांनी दोनदा फिल्म बघितली. चेहरा उतरला बिचाऱ्यांचा. मग म्हणाले, "ही तांत्रिक त्रुटी आहे. करू दुरुस्त. आधी सभा होऊन जाऊ दे." मी म्हटलं, "सर, लोक जिने उतरतायत." ते म्हणाले, "इतकी वर्षं उतरतच होते ना?"

मला राग आला. आणि मग वाटलं, मी कुठल्या तोंडानं रागावतेय?

२३ एप्रिल

तीन दिवस झाले, घरी सांगितलेलं नाही.

ऑफिसात सांगता आलं, कारण तिथे तांत्रिक त्रुटी हा शब्द आहे. घरी कुठला शब्द आहे? आईंसमोर तोंड उघडलं की चहा टाकू का, असंच बाहेर पडतं. आज चार वेळा चहा झाला. त्या म्हणाल्या, "काय गं, काही हवंय का?" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता सगळं दिसायला लागलंय. न्हाणीघरातलं स्टूल. लांबचा रस्ता. आज संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर गेले, त्यांच्या मैत्रिणीला म्हटलं, तुमचं काही बिनसलंय का. त्या म्हणाल्या, "बिनसायला काय झालंय? येऊ नको असं मीच म्हटलं तिला. अगं, इथून खाली जाताना ती बसून जायची. लहान मुलासारखी, एकेक पायरी, मागनं घसरत. मला बघवेना. म्हटलं सुनेला सांग. तर म्हणते, सुनेनं मोजलंय, काही नाहीये, मलाच भीती बसलीय. कुणाला सांगू नको म्हणाली. हसतील म्हणाली."

मी खाली आले. मधल्या पायरीवर थांबले. इथेच मी त्यांचे कपडे झटकले होते, आणि वर उपदेश केला होता.

नवऱ्याला सांगू का आधी? तो म्हणेल, जाऊ दे, मुद्दाम केलं नाहीस. तेच तर ऐकायचं नाहीये. चूक मुद्दाम केली नाही. टीव्ही मुद्दाम लावला होता.

२५ एप्रिल

सांगितलं.

सांगितलं म्हणजे काय, वेळच आली. सकाळी नवरा म्हणाला, "मंगळवारी मी अर्धा दिवस सुट्टी घेतोय. आईला मनाच्या डॉक्टरांकडे न्यायचंय. तीच म्हणाली. तिला भास होतात म्हणे, आत्तापासून औषध घेतलं तर बरं." आणि हळू आवाजात, "आजीचंच येतंय बहुतेक तिच्यात."

आई खिडकीशी बसून मोडलेला चष्मा दोऱ्यानं बांधत होत्या. ऐकत होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं, ठरवून टाकलेल्या माणसासारखा चेहरा.

मी म्हटलं, "आई, मंगळवारी जायचं नाही. तुमचा गुडघा खरंच निसटतो."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी बोलत सुटले. इस्त्री, चित्रं, उड्या, कडा, सगळं एकदम. नवऱ्याला काही कळेना. आईंनी हात वर केला. पोस्टात गर्दीला थांबवायला करत असतील तसा.

"सावकाश. निसटतो?"

"हो."

"मी तेव्हा ओरडले, तेव्हा निसटला होता?"

"तेव्हाच. अगदी तेव्हाच."

"मग तो यंत्रात का नाही आला?"

"आला होता. मी काढून टाकला. म्हणजे, मी असं काहीतरी केलं होतं की जे जास्त हलतं ते चूक समजून निघून जातं. मला वाटलं नव्हतं की—"

आई चष्मा हातात धरून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मला वेड नाही लागलं."

चष्मा त्यांनी खाली ठेवला. "रोज वाटायचं गं. जिन्यात पाय ठेवला की तो निसटायचा, आणि मी मनाशी म्हणायची, नाही निसटला, नाही निसटला, मोजलंय त्यांनी. एकदा दोन पायऱ्या खाली गेले तरी म्हणत होते, नाही निसटला." धरणी पोटात घेईल तर बरं, असं नुसतं म्हणतात. मला ते खरोखर हवं होतं.

मी रडायला लागले. मला वाटलं त्या जवळ घेतील. तशा त्या आहेत, मऊ. पण नाही घेतलं. म्हणाल्या, "रडू नंतर. तिला फोन लाव." तिला म्हणजे नणंदेला. "ये म्हणावं. आणि तुझं ते टीव्हीवर लाव."

नणंद आली. मी फिल्म लावली. आईंनी मला सांगितलं, "बोल. तेव्हा बोलली होतीस तसं." मी बोलले. ज्या सोफ्यापुढे तेव्हा उभी होते तिथेच उभी राहून, त्याच तिघांना सांगितलं की आई पहिल्यापासून खरं सांगत होत्या, आणि मी त्यांना खोटं पाडलं. नणंद मांडीकडे बघत होती. नवरा दुसरीकडेच. मला कुणी चार शब्द बोललं असतं तर बरं झालं असतं.

"परत लाव," आई म्हणाल्या. परत लावली. हाड सटकन पुढे गेलं की त्या "हां" म्हणायच्या. किती वेळा बघितलं असेल देव जाणे. शेवटी टीव्ही बंद करायला सांगितला आणि आत गेल्या.

मी मागोमाग गेले. म्हटलं, "आई, माफ करा मला." त्या पांघरुणाची घडी करत होत्या. "यंत्राचं जाऊ दे," म्हणाल्या. "माणूस चुकतं. पण तिथे डॉक्टर हसले तेव्हा तूही हसलीस."

मला वाटलं होतं ते त्यांनी पाहिलं नसेल.

२८ एप्रिल

हाडांच्या डॉक्टरांना मी स्वतःच कळवलं, 'होऊन जाईल'ना न विचारता. ज्यांची ज्यांची रेघ इस्त्रीतून गेलीय त्या सगळ्यांना परत बोलवा म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्या सासूबाईंना आधी पाठवा." आवाजात हसू नव्हतं.

सभेतून माझं नाव काढलंय. 'होऊन जाईल' माझ्याशी बोलत नाहीत. ऑफिसच्या जिन्यात गाठ पडली तेव्हा भिंतीकडे बघून गेले. ते चुकीचे आहेत असं मला पूर्वी ठणकावून म्हणता आलं असतं. आता कुणालाही ठणकावून काही म्हणायची हिंमत होत नाही. दूधवाल्याशी हिशोबावरून भांडायची, तर आज त्यानं सांगितलं ते ऐकून घेतलं.

इस्त्रीत बदल करतेय. आता उडी दिसली की रेघ जोडायची नाही, तिथे तोडायची. तुटलेली रेघ दिसली की कुणीतरी माणसानं डोळ्यांनी फिल्म बघायची. फार ओंगळ दिसतात आता रेघा. दिसू देत.

घरात आई माझ्याशी नीट बोलतात. त्याचाच त्रास होतो. मीठ दे, दार लाव, डबा घेतलास का. सगळं नीट. आज जिना उतरताना मी हात पुढे केला, त्यांनी कठडा धरला.

२ मे

आज हॉस्पिटल. आई, मी. नवऱ्याला त्यांनी नको म्हटलं, मला चल म्हणाल्या. का ते विचारायची माझी छाती झाली नाही.

हाडांचे डॉक्टर उठून उभे राहिले. आईंना म्हणाले, "आजी, मागच्या वेळी मी तुमचं ऐकलं नाही. आता सगळं पहिल्यापासून सांगा. घाई नाही." हातानं गुडघा तपासला, वाकवला, आत हाडांना धरून ठेवणारा दोरीसारखा बंध सैल झालाय असं म्हणाले. बाहेरून पट्टा बांधून, व्यायाम करून बहुतेक जमेल, नाहीच तर छोटं ऑपरेशन. मला इतकं हायसं वाटलं की मी खुर्चीत जरा मागे टेकले.

मग त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा कधी निसटला, आठवतं?"

आईंनी माझ्याकडे बघितलं.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, तारीख आठवत नसेल. मी मान हलवली, म्हणजे सांगा, असं. त्या म्हणाल्या, "झालं असेल वर्ष." आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं, बरोबर आहे ना, असं.

"दिवसातून किती वेळा होतं?"

माझ्याकडे.

"दुखतं का निसटल्यावर?"

माझ्याकडे. पोस्टाच्या खिडकीवर उभं राहून अख्ख्या गावाला दटावलेली बाई. स्वतःचा गुडघा दुखतो की नाही, ते माझ्या तोंडावर वाचत होती. डॉक्टरांनीही ते बघितलं. त्यांनी मान खाली घातली आणि कागद सारखे करत बसले.

मी म्हटलं, "आई, मला काय विचारता? तुम्हाला काय होतं ते सांगा ना." तर त्या घाबरून म्हणाल्या, "नाही, फार नाही दुखत." रागावल्यासारखा आवाज आला होता माझा. नेहमीचाच आवाज, पण त्यांना तो तसाच ऐकू येणार.

मी पर्स उचलली. "मी बाहेर बसते," म्हटलं आणि दार ओढून घेतलं.

बाहेर बाकावर बसले. बराच वेळ आतून फक्त डॉक्टरांचा आवाज येत होता. मग थांबला. मग आईंचा, आधी हळू, अडखळत. मग जरा मोठा. मग एकसारखा, न थांबता. शब्द कळत नव्हते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "आत कोण आहे तुमचं?" मी म्हटलं, "सासूबाई." त्या म्हणाल्या, "मग तुम्ही बाहेर कशा?" मी दाराकडे बघितलं. आत आई बोलत होत्या.